सेंट पॉलची कमान : गोव्यातील एका जुन्या विद्यापीठाची कथा

विद्यापीठ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न चंदीगढमध्ये राहणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा अधिक सहज सुचतो. येथील पंजाब विद्यापीठ १८८२ साली लाहोरात स्थापन झाले. १९४७ च्या फाळणीत त्याच्या इमारती, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा सीमेपलीकडे राहिल्या. विद्यापीठाचा कारभार सोलनला थाटला गेला, वर्ग गावोगावी विखुरले, आणि १९५६ पासून ते ह्या नव्या राजधानीत नांदू लागले. भिंती गेल्या तरी विद्यापीठ उरू शकते, हे ह्या प्रांताने प्रत्यक्ष पाहिले आहे. आता शेजारच्या मोहालीत, ८१ क्रमांकाच्या सेक्टरात, 'नॉलेज सिटी' ह्या नावाने विद्येची एक संपूर्ण नगरीच वसविण्यात आली आहे. विज्ञान, शेती, व्यवस्थापन अशा विषयांच्या संस्था तेथे एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. अशा वेळी आपल्या मराठी मुलखाच्या कडेला पूर्वी उभारल्या गेलेल्या एका विद्यानगरीची आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. जुन्या गोव्यातील सेंट पॉलचे कॉलेज ही ती नगरी होय. आज तिची एक दगडी कमान तेवढी उभी आहे.

ह्या संस्थेचा आरंभ १५४१ सालचा. गोव्याचे धर्माधिकारी मिगेल व्हाज आणि धर्मोपदेशक दियोगु द बोर्बा ह्या दोघांनी 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, ह्या नावाचे एक मंडळ स्थापन केले. पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांना शिकवून त्यांतून धर्मोपदेशक तयार करावेत, हा त्याचा हेतू होता. मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. तो स्वतः पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युरोपास धाडलेल्या पत्रात तो लिहितो, की ह्या कॉलेजचे मंदिर पॅरिसमधील सॉर्बोनच्या मंदिराच्या जवळजवळ दुप्पट मोठे आहे आणि साठांहून अधिक मुले तेथे राहत आहेत. पुढे थोड्याच वर्षांत संस्था पूर्णपणे जेझुइट संघाच्या हाती आली, आणि सेंट पॉलचे नाव तिला असे चिकटले की गोव्यात जेझुइटांनाच लोक 'पावलिस्त' म्हणू लागले.

ह्या वैभवाचा पैसा कोठून आला, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे इतिहासाला धरून होणार नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ साली ह्या नव्या मंडळाकडे वळविण्यात आले. ज्या उत्पन्नावर पिढ्यान्‌पिढ्या गावच्या देवाचा नंदादीप तेवत होता, पुजाऱ्याचे आणि वाजंत्र्याचे पोट चालत होते, त्याच उत्पन्नावर आता लॅटिनचे वर्ग चालू लागले. कॉलेजच्या पायात हा दगड आहे, आणि पुढे त्याने केलेल्या विद्येच्या कार्याने तो झाकला जात नाही. त्याचप्रमाणे ह्या दगडामुळे ते कार्यही खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे, हेच ह्या इतिहासाच्या वाचकाचे खरे काम आहे.

विद्यार्थ्यांचा मेळा मात्र विलक्षण होता. कोकणी मुले, मलबारी, सिंहली, मलायी, हबशी, चिनी आणि जपानी अशी नाना देशांची मुले एकाच छपराखाली राहत होती. अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ आपल्या दोन सोबत्यांसह १५४८ साली येथे आला, येथेच शिकला, आणि पुढच्याच वर्षी झेवियरला घेऊन मायदेशी गेला. जपानात ख्रिस्ती धर्माचा प्रवेश झाला तो असा गोव्यातून. अभ्यासक्रमाची शिडी वाचन-लेखनापासून निघून लॅटिन व्याकरण, तत्त्वज्ञान आणि शेवटी धर्मशास्त्र येथवर पोहोचत असे. सप्टेंबर १५५६ मध्ये हबसाणकडे निघालेले एक मुद्रणयंत्र गोव्यास पोहोचले आणि तेथेच राहिले. ह्या कॉलेजात त्यावर छपाई सुरू झाली. हिंदुस्थानच्या भूमीवर छापलेला पहिला मजकूर, 'कोंक्लुझोइश', हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातील जाहीर वादासाठी मांडलेल्या सिद्धांतांचा होता. आपल्या देशात मुद्रणकला आली ती परीक्षेच्या कागदाचे निमित्त करून, ही गोष्ट कोणाही पदवीधराला गंमतीची वाटावी अशी आहे.

ह्या कॉलेजची वाट आपल्या पंजाबपर्यंत येऊन पोहोचली होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. अकबराने सेंट पॉलच्या पाद्र्यांस निमंत्रण धाडले, आणि नोव्हेंबर १५७९ मध्ये रुदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मॉन्सेराते आणि त्यांचा आणखी एक सोबती गोव्याहून निघून पुढील फेब्रुवारीत फत्तेपूर शिक्रीस पोहोचले. १५८१ साली अकबर काबूलच्या स्वारीवर निघाला तेव्हा मॉन्सेराते त्याच्याबरोबर पंजाब ओलांडून गेला. चंदीगढहून फार दूर नसलेल्या सरहिंदचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. १५९५ साली जेरोम झेवियर व बेंतो द गोइश हे लाहोरास आले. त्यांतील गोइश १६०३ मध्ये लाहोरहून खुष्कीच्या मार्गाने चीनकडे निघाला आणि १६०७ मध्ये चीनच्या सीमेवरील एका गावी मरण पावला. आक्वाविवाचा शेवट अधिक विदारक झाला. बादशहाच्या दरबारात मुल्ला-पंडितांशी निर्भयपणे वाद करून तो परत आला, आणि १५८३ च्या जुलैत साष्टीतील कुंकळ्ळी गावी मारला गेला. जेथील देवळे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती, तेथे चर्चची जागा पाहण्यास तो गेला होता. पुढे बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कुंकळ्ळीच्या गावकरांनाही ठार करण्यात आले. वादाला मोकळा असलेला दरबार आणि तलवारीच्या धाकाने चालणारे राज्य, ह्या दोहोंतील अंतर एकाच माणसाच्या चरित्रात असे दिसून येते.

शिडीच्या वरच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या होत्या काय? येथे आपण ह्या इतिहासाच्या गाभ्याशी येतो. १५७८ मध्ये मातेओ रिची नावाचा एक तरुण इटालियन गोव्यात आला. पुढे चीनमध्ये आपल्या गणिताने, भूगोलाने आणि चिनी भाषेवरील प्रभुत्वाने अमर झाला, तो हाच. त्याने सेंट पॉलमध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि मुलांस शिकविलेही. त्याच्या काळी असे ठरले, की हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राच्या वर्गांत घेऊ नये, कारण विद्या मिळाली की ते गर्विष्ठ होतील आणि खेडोपाडी सेवा करण्यास नाखूष राहतील. नोव्हेंबर १५८१ मध्ये एकोणतीस वर्षांच्या रिचीने आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखास पत्र लिहून ह्याविरुद्ध तक्रार केली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की हा आक्षेप युरोपात वा हिंदुस्थानात आमच्या शाळांतून शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यावर घेता येईल, मग तो एवढ्यांवरच का? देवळांच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या विद्यालयात त्या देवळांच्या गावच्या मुलांनी अमुक एका पायरीपलीकडे चढू नये, असे ठरत होते, आणि त्यातील अन्याय त्याच भिंतींच्या आतील एका परदेशी तरुणाला स्पष्ट दिसत होता.

रिचीसारखेच दुसरे एक नाव मराठी वाचकास अधिक जवळचे आहे. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचला, सेंट पॉलमध्ये त्याने उरलेला अभ्यास पुरा केला आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे तो साष्टीत राहिला. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असे त्याने नमूद केले. विल्यम जोन्सने हाच विचार कलकत्त्यास मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. शिक्षक म्हणून आलेला हा गृहस्थ येथे विद्यार्थी झाला. गावच्या लोकांना पुराणाची गोडी आहे हे त्याने ओळखले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपण सर्वांनी शाळेत वाचल्या आहेत. त्याने कोकणीचे व्याकरणही लिहिले, व ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

स्टीफन्सची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. आपला ग्रंथ ह्या देशाच्या लिपीत छापला जावा म्हणून त्याने १६०८ साली रोमला लिहिले. तमिळ अक्षरांचे खिळे १५७७ साली गोव्यातच पाडले गेले होते आणि त्यांच्याहून सुधारलेल्या खिळ्यांवर पुढच्याच वर्षी कोल्लमला पुस्तक निघालेही. पण मराठी पुराणाच्या वाट्याला रोमन अक्षरेच आली. देवनागरी खिळ्यांनी छापलेले मराठीचे व्याकरण विल्यम केरीने श्रीरामपुरास काढले ते १८०५ साली. स्टीफन्सच्या पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधाराने ते १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीत आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाखाली पुण्यास देवनागरीत प्रसिद्ध झाले. ज्या घराघरांतून भाविकांनी ते हाताने उतरून ठेवले, त्या घरांनीच ते राखले.

ग्रंथ नाहीसे होण्यामागे राजाज्ञांचा हात मोठा होता. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने हुकूम काढला, की प्रजेने तीन वर्षांच्या आत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. माझ्यासारख्या कचेरीत हुकूम आणि परिपत्रके हाताळणाऱ्या माणसास त्यातील तीन वर्षांची मुदत वाचून नवल वाटते. मुदत घालून दिली की काम होते, ही समजूत सर्व काळच्या कचेऱ्यांतून आढळते. आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, हे मात्र मुदतीत बसणारे काम नव्हे. हुकुमाने कोकणी मेली नाही. १९९२ साली ती भारतीय राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात दाखल झाली. पण विद्येचे फार नुकसान झाले, कारण स्टीफन्सने आणि त्याच्या मागून पुराणे रचणाऱ्यांनी घातलेली वाट पुढे मोडली गेली.

कॉलेजचेही दिवस फिरले होते. साथीच्या रोगांमुळे जुनी जागा राहण्यास अयोग्य ठरली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी संस्था दुसऱ्या टेकडीवर नेण्यात आली. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल ह्याने जेझुइटांस सर्व पोर्तुगीज मुलखातून हाकलले, तेव्हा गोव्यातील पाद्र्यांनाही कैद करून जहाजावर चढविण्यात आले. शिकविणारे गेले, वर्ग मिटले आणि इमारती ढासळल्या. लाहोरच्या विद्यापीठाने भिंती गमावल्या तरी त्याचे शिक्षक आणि विद्यार्थी सोलनला, होशियारपूरला, जेथे जागा मिळेल तेथे पुन्हा जमले. सेंट पॉलचे तसे झाले नाही. ज्यांना वरच्या वर्गात कधी घेतलेच नाही, त्यांनी ते वर्ग पुढे चालवावेत कसे?

मुंबईत १८६९ साली जेझुइटांनीच सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले, त्याची रीत वेगळी पडली. ते सरकारमान्य मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि सर्व धर्मांची मुले तेथे पदवीपर्यंत शिकू लागली. १९२२ साली तेथे आलेल्या स्पॅनिश फादर हेन्री हेरास ह्यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था काढली, विजयनगरावर ग्रंथ लिहिला आणि सिंधू संस्कृतीच्या लिपीमागे आयुष्य वेचले. ती संस्था आजही त्यांच्या नावाने चालू आहे. देशाला शिकविण्यापूर्वी देशाकडून शिकावे, हा स्टीफन्सचा धडा तीनशे वर्षांनी असा पुन्हा गिरविला गेला.

पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात गोव्याहून गेलेली काही जुनी हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आणि मराठी रचना रोमन लिपीत उतरून ठेवलेल्या आहेत. ज्या राज्यात ही पुस्तके बाळगणे धोक्याचे झाले होते, तेथील पाद्र्यांनी ती भाषा शिकण्यासाठी उतरवून घेतली, म्हणून ती वाचली. सेंट पॉलच्या इतिहासातील उणे-अधिक ह्या हस्तलिखितांत एकत्र बांधलेले आहे. नव्या विद्यानगरींना रस्ते, इमारती आणि यंत्रे सरकार देऊ शकते, आणि ती दिली पाहिजेत. पण ज्या गावांच्या जमिनीवर ती नगरी उभी राहते, त्या गावांची मुले तिच्या सर्वांत वरच्या वर्गात बसतात की नाही, आणि तेथील अध्यापकांना त्या गावांची भाषा कळते की नाही, हे दोन प्रश्न तिला वेळोवेळी विचारीत राहावे लागतील. जुन्या गोव्यात ते रिचीने आणि स्टीफन्सने विचारले होते. त्यांचे ऐकले गेले नाही, आणि आज तेथे कमानीपलीकडे मोकळे माळरान आहे.