३ डिसेंबर १९७१ : कन्हानकाठी ऐकलेले युद्ध

युद्धाचा इतिहास बहुधा रणभूमीवरून लिहिला जातो. सेनापती, चढाया, तहनामे यांची नोंद ग्रंथांत होते. परंतु विसाव्या शतकातील युद्धे रणभूमीइतकीच घराघरांतही ऐकली गेली. फळीवरच्या रेडिओने काय सांगितले, काय सांगितले नाही आणि ऐकणाऱ्याने त्यातून काय जाणले, हाही युद्धाच्या इतिहासाचाच एक भाग होय. त्या भागाकडे आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यासाठी रणभूमीपासून फार दूर असलेले एक गाव आम्ही निवडले आहे. ते गाव म्हणजे नागपूर जिल्ह्यातील कन्हान.

नागपूरहून जबलपूरकडे जाताना कामठीची छावणी मागे टाकून नदी ओलांडली की कन्हान लागते. नदीचे नाव तेच गावाचे नाव. अलीकडच्या तीरावर इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली कामठीची लष्करी छावणी, पलीकडच्या तीरावर कन्हानची कामगारवस्ती, असा हा शेजार आहे. रेल्वे, कारखाने आणि कोळशाच्या खाणी यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे येऊन स्थिरावली. अशा गावाला बातमीची भूक अधिक असते. कारण प्रत्येकाचे दुसरे एक गाव दूर कोठेतरी असते.

या भागाला स्वतःचे नभोवाणी केंद्र फार उशिरा मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागपूरला केंद्र नव्हते. मुंबई, दिल्ली येथून येणारे आवाज आणि लघुलहरींवरून येणारे परदेशी आवाज यांवरच येथील श्रोत्याला अवलंबून राहावे लागे. बीबीसीने मार्च १९४२ मध्ये मराठी प्रक्षेपण सुरू केले. त्याच वर्षी सुभाषबाबूंचा आवाज जर्मनीहून आझाद हिंद रेडिओवरून येऊ लागला. एकाच युद्धाच्या दोन परस्परविरोधी कथा एकाच पेटीतून ऐकण्याचा धडा आपल्या लोकांनी तेव्हाच गिरवला. स्वातंत्र्यानंतर १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि जवळचा, आपल्या बोलीचा आवाज घरात आला.

१९७१ पर्यंत श्रवणाची रीतही पालटली होती. तापायला वेळ घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या मोठ्या सेटाशेजारी बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर आला होता. खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेली जाळीची एरियल, टपाल कचेरीतून वेळच्या वेळी नूतनीकरण करून घ्यावा लागणारा परवाना आणि बातम्यांच्या वेळी शेजाऱ्यांसाठी उघडे ठेवलेले दार, या गोष्टी त्या काळातील वाचकांना सहज आठवतील. रेडिओ एकाचा असे, बातमी मात्र साऱ्या आळीची असे.

३ डिसेंबर १९७१ हा दिवस शुक्रवार होता. कॅथलिक घरांच्या दृष्टीने तो दुहेरी महत्त्वाचा : महिन्याचा पहिला शुक्रवार आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचा सणही. त्या संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर यांसह अनेक विमानतळांवर हल्ले केले. रात्री त्यांची झेप आग्र्यापर्यंत गेली. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या वेळी कलकत्त्यात होत्या. त्या रात्रीच दिल्लीला परतल्या, राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी आणीबाणी घोषित केली आणि मध्यरात्र उलटल्यावर पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केले. बांगलादेशातील युद्ध आता भारतावरील युद्ध झाले आहे, हा त्या भाषणाचा आशय होता.

आग्रा ते कन्हान हे अंतर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. येथे बाँबचा आवाज येणे शक्य नव्हते. येथे युद्ध आले ते लहरींवरून. निसर्गाचेही त्याला साहाय्य होते. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो शोषक थर विरतो आणि त्याहून उंचावरील थरावर आपटून त्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच दिवसा न लागणारी केंद्रे रात्री लागतात. डिसेंबरात अंधार लवकर पडतो. रात्री मुठीने काटा फिरवणाऱ्याला दिल्लीचे देवकीनंदन पांडे ऐकू येत, कलकत्त्याहून देवदुलाल बंदोपाध्याय यांचे बंगाली निवेदन लागे आणि खरखरीतून सीमेपलीकडची केंद्रेही डोके वर काढीत. एक केंद्र ज्याला माघार म्हणे, त्याला दुसरे विजय म्हणे. सत्य कोठेतरी या दोहोंमध्ये चाचपावे लागे.

परंतु त्या रात्रीचे एक सत्य कोणत्याच केंद्रावर लागण्यासारखे नव्हते. पंतप्रधानांचे भाषण होऊन जेमतेम दोन तास होत आले असतील, तोच आगरतळ्याच्या पश्चिमेस गंगासागर येथे १४ गार्ड्स या पलटणीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर चढाई केली. त्या पलटणीत लान्स नायक अल्बर्ट एक्का होते. तेव्हाच्या बिहारमधील जारी या गावचे ते उरांव आदिवासी ख्रिस्ती. शत्रूची एक लाइट मशीनगन आपल्या सोबत्यांना टिपीत आहे असे पाहून त्यांनी त्या मोर्चावर झेप घेतली, दोघा शत्रूंना संगिनीने गारद केले आणि ती मशीनगन बंद पाडली. स्वतः जखमी होऊनही ते पुढे जात राहिले. नंतर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मीडियम मशीनगनचा मारा सुरू झाला, तेव्हा सरपटत जाऊन त्यांनी आत हातगोळा टाकला, वर चढून तीही शांत केली. आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. १९७१ च्या युद्धात दिल्या गेलेल्या चार परमवीर चक्रांपैकी पूर्व आघाडीवरचे हे एकमेव होय.

ज्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये ते होते, तिचे रेजिमेंटल सेंटर आज कामठीला, म्हणजे कन्हानच्या समोरच्याच तीरावर आहे. १९४९ साली उभारलेल्या या पथकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात प्रांत, जात किंवा धर्म यांवरून भरती होत नाही. सर्व भारतीयांना ते खुले आहे. छोटा नागपूरचा एक कॅथलिक आदिवासी त्रिपुराच्या सीमेवर लढतो आणि त्याच्या पथकाचे घर आपल्या महाधर्मप्रांताच्या भूमीत असते, हा योगायोग आपल्या समाजाने ध्यानात घेण्याजोगा आहे.

रेडिओने त्या रात्री हे का सांगितले नाही, हा प्रश्न येथे रास्त ठरेल. सांगणे शक्यच नव्हते. लढाई चालू असताना पलटणीचे नाव उच्चारणे म्हणजे शत्रूला माहिती देणे. शिवाय मृताचे नाव प्रथम त्याच्या घरी कळावे, हा माणुसकीचा दंडक आहे. त्यामुळे बातम्यांत येत ती गावांची नावे. ५ डिसेंबरला आखौडा पडले, ही वार्ता देशाला कळली. त्या वाटेवर कोण पडले, हे कळायला अवधी लागला. पुढे जनरल माणेकशा यांची शत्रुसैन्याला शस्त्रे खाली ठेवण्याची आवाहने आकाशवाणीवरून गेली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. विजयाची वार्ता एका संध्याकाळीत घरोघर पोहोचली. शोकाची वार्ता मात्र तारेने, एकेका दाराशी, वेगवेगळ्या दिवशी पोहोचत असे. विजय साऱ्या आळीने मिळून ऐकला. शोक ज्याचा त्याने.

म्हणूनच आमचे असे मत आहे की, रेडिओवरील युद्धाचा इतिहास केवळ प्रक्षेपित झालेल्या शब्दांवरून लिहिता येणार नाही. त्या शब्दांभोवतीचे मौनही त्यात यावयास हवे. ज्या घरचा मुलगा सैन्यात होता, त्या घरातील माता आखौडा हे नाव कसे ऐकत असेल? नकाशात ते कोठे आहे हे तिला कोण सांगत असेल? अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत. ती ऐकणाऱ्यांच्या आठवणींतच मिळतील, आणि त्या रात्री वीस वर्षांचा असलेला श्रोता आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

कन्हान, कामठी, नागपूर येथील धर्मग्रामांतील तरुणांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. आळीत रेडिओ कोणाकडे होता, कोण कोण ऐकायला येत, कोणते केंद्र विश्वासाचे मानले जाई, सैन्यातील आप्ताची बातमी कशी कळली, एवढे चारच प्रश्न घेऊन वडीलधाऱ्यांपुढे बसावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. अल्बर्ट एक्का यांचे नाव रांचीच्या चौकाला आहे, आगरतळ्याच्या उद्यानाला आहे. ज्यांना चक्र मिळाले नाही आणि ज्यांचे नाव कोणत्या चौकाला नाही, त्यांची नोंद निदान आपल्या धर्मग्रामाच्या वहीत तरी राहावी.