दम, रेषा आणि पंच



आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ वाटला जातो, त्याच दिवसांत कावेरीच्या मुखाकडील गावांत पोंगलचा सण येतो. कल्लणैच्या प्राचीन बांधापासून पुढे ही नदी एक राहत नाही. वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरशलार अशा शाखा-उपशाखांनी ती तंजावरच्या सपाट भूमीवर पसरते आणि तिच्या पाण्यावर सांबा भाताचे पीक उभे राहते. पोंगलच्या सुमारास ते कापणीस येते. गावाबाहेरच्या उंचवट्यावरील पटांगणात, ज्याला तिकडे तिडल म्हणतात, चुन्याच्या रेषा पडतात, आणि संध्याकाळी ‘सडुगुडु, सडुगुडु’ असा एका श्वासात चाललेला घोष ऐकू येतो. मराठी माणसाने डोळे मिटून तो ऐकला, तर हुतुतूखेरीज दुसरे काही त्याच्या मनात येणार नाही.

माझे बालपण तंजावर शहरात, मेलवीथीच्या एका मराठी घरात गेले. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि 1855 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत जी मराठी कुटुंबे तेथे रुजली, त्यांचे वंशज अजून त्या वीथींतून राहतात. तेव्हा सडुगुडु आणि हुतुतू यांचे साम्य पाहून, हा खेळ मराठ्यांनीच दक्षिणेत नेला असे म्हणण्याचा मोह आमच्यासारख्यांना होतो. तो आवरला पाहिजे. ज्या खेळाला एक रेषा आणि एक श्वास यांपलीकडे काही लागत नाही, तो कोणी कोणाकडे नेण्याची गरज नसते. कबड्डी हा शब्द ‘कैपिडि’, म्हणजे हात धरणे, या तमिळ शब्दावरून आला, असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात; तीही व्युत्पत्ती मला थोडी ओढूनताणून आणलेली वाटते. खेळ दोघांचा आहे, एवढे पुरे.

मला आज बोलायचे आहे ते खेळाच्या उगमाविषयी नव्हे, त्याच्या न्यायाविषयी. मी चांगला खेळाडू कधीच नव्हतो. पण प्रेक्षक म्हणून पुष्कळ वर्षे रेषेलगत बसलो आहे, आणि रेषेलगत बसणाऱ्याला पंचाविषयी मते असणे स्वाभाविक आहे.

प्रथम माझाच एक गुन्हा सांगतो. पंधरा वर्षांचा असताना तिरुक्काट्टुपळ्ळीच्या बाजूच्या एका खेड्यात आम्ही शहरातली मुले पोंगलचा सामना खेळायला गेलो. पंच होते गावचे निवृत्त शाळामास्तर. तमिळमध्ये मास्तरांना वात्तियार म्हणतात, आणि सारा गाव त्यांना त्याच नावाने हाक मारी. अखेरची चढाई माझ्याकडे आली. दोन गडी मारून परत फिरताना माझा दम संपला. ओठ हलत ठेवून मी नाकाने हळूच श्वास ओढून घेतला आणि रेषा गाठली. वात्तियार वृद्ध होते, गर्दीचा गलका होता. त्यांनी हात वर केला आणि आम्ही जिंकलो. ज्या गड्याने माझा घोटा निसटता सोडला होता, त्याने मात्र माझ्याकडे क्षणभर पाहिले. त्याने ऐकले होते. तो काही बोलला नाही.

या एका चोरीत खेळाचे सारे शास्त्र आहे, असे मला पुढे वाटू लागले. चेंडूच्या खेळात पंचाने पाहायचे असते. आपल्या या खेळात स्पर्श पाहायचा आणि दम ऐकायचा, अशी दोन इंद्रिये पंचाला एकाच वेळी जागी ठेवावी लागतात. मराठीत न्याय करणाऱ्याला आपण पंच म्हणतो; त्या शब्दात पाचांची बैठक आहे, चावडी आहे. तमिळमध्ये त्याला ‘नडुवर’ म्हणतात. नडु म्हणजे मध्य. तिरुक्कुरळात ‘नडुवुनिलैमै’ नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे, कोणाकडेही न झुकता मध्ये उभे राहण्याविषयी. आपला शब्द संख्येवर भरवसा ठेवतो, त्यांचा शब्द जागेवर. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही लागतात. मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच उभे असतात, आणि त्यांचे पटेनासे झाले की निर्णय देणारा सरपंच निराळा असतो.

जुन्या काळी हे सारे गावोगाव निराळे होते. कोठे बाद झालेला गडी आपल्या बाजूने एक गडी मारताच पुन्हा आत येई. त्याला संजीवनी म्हणत. कोठे बाद झालेला सबंध डाव संपेपर्यंत बाहेरच बसे, ती गामिनी. कोठे गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजला जाई; ती अमर. एकाच खेळात मृत्यूविषयीची तीन मते नांदत होती म्हणा ना! सातारकरांनी 1918 च्या सुमारास नियम बांधण्याचा प्रयत्न केला, आणि 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमांचे पुस्तक काढून मोठे सामने भरविले. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला हा खेळ करून दाखविला. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने 1952 साली भरले, ते मद्रासेस. नियम बांधण्याचे काम महाराष्ट्राने आणि बडोद्याने केले, आणि पहिला राष्ट्रीय फड रंगला तो सडुगुडुच्या मुलखात, ही गोष्ट मला फार आवडते.

या एकीकरणात संजीवनी टिकली, आणि ते योग्यच झाले. गामिनीत चांगला खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला की प्रेक्षकाने घरी जावे हे बरे, अशी स्थिती होई. घोषही एक ठरला. हुतुतू गेले, सडुगुडु गेले, बंगालचा हाडुडू गेला. सर्वांनी ‘कबड्डी’ म्हणायचे. याचे मला थोडे वाईट वाटते, पण तक्रार नाही. दहा प्रांतांच्या दहा घोषांत दम तुटला की नाही हे कोणत्या पंचाने ओळखावे? एक शब्द ठरला तो पंचाच्या कानासाठी.

आणि येथेच माझी खरी तक्रार सुरू होते. कानासाठी शब्द ठरविला, आणि पुढे कानच बाजूला सारला. 2014 मध्ये व्यावसायिक साखळी सामने सुरू झाले. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, ती घड्याळावर दिसू लागली. पाठोपाठच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर बाद, असा नियम झाला. यातले पुष्कळ मला मान्य आहे. पूर्वी आघाडीवर असलेला संघ मध्यरेषेपाशी नुसता घोष करीत वेळ काढी, आणि तो प्रकार पाहणे शिक्षा असे. उत्तर इंग्लंडात 1895 मध्ये मूळ संघटनेतून फुटून निघालेल्या तेरा गड्यांच्या रग्बीचीही अशीच कहाणी आहे. तेथेही सारे काही पकडीवर चालते, आणि एका संघाने कितीही पकडी सोसून चेंडू आपल्याकडेच ठेवावा, अशी मोकळीक होती. ऑस्ट्रेलियात सेंट जॉर्ज या संघाने 1956 पासून 1966 पर्यंत सलग अकरा वेळा अजिंक्यपद मिळविले. 1967 मध्ये तेथे चार पकडींनंतर चेंडू सोडण्याचा नियम आला, आणि त्याच वर्षी ती मालिका तुटली. पुढे चाराचे सहा झाले. त्यांनी मर्यादा घातली ती मोजता येणाऱ्या गोष्टीला, आणि ती मोजण्याचे काम पंचाकडेच राहिले.

आपल्याकडे दमाचा नियम पुस्तकात आजही आहे. चढाई करणाऱ्याने अखंड घोष केला पाहिजे; घोष तुटला तर तो बाद. पण दिव्यांच्या झगमगाटात, ध्वनिक्षेपकांच्या गाण्यांत, हजारोंच्या आरोळ्यांत तो घोष ऐकणार कोण? घड्याळ दिसते म्हणून घड्याळाचा न्याय होतो. दम ऐकू येत नाही म्हणून दमाचा न्याय होत नाही. तीस सेकंद हा खेळाडूच्या फुप्फुसाचा हिशेब नव्हे, तो सर्वांना सारखा वाटलेला शिधा आहे. ज्याचा दम मोठा त्याची चढाई मोठी, ही विषमता हेच या खेळाचे सौंदर्य होते. मर्यादा असो, पण चढाई चालू असताना निदान गाणी बंद ठेवावीत, एवढे मागणे फार नाही.

त्या तिरुक्काट्टुपळ्ळीच्याच परिसराने देशाला एक थोर बचावपटू दिला आहे. धर्मराज चेरलातन हे तंजावर जिल्ह्यातील तिरुच्चनम्पूंडीचे. 1975 चा जन्म; म्हणजे 2016 मध्ये अहमदाबादेस भारताने इराणला 38–29 असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघातील हे गृहस्थ एकेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी साखळी सामन्यांत पाटण्याच्या संघाचे नेतृत्व करून अजिंक्यपद मिळविले होते. ज्या वयात माणसे नातेवाइकांच्या लग्नात पंगती वाढतात, त्या वयात ते विशीतल्या पोरांचे घोटे धरीत होते. त्यांचा खेळ पाहताना मला नेहमी वाटे, की हा माणूस चढाई करणाऱ्याच्या पायांकडे पाहत आहे खरा, पण त्याचे लक्ष त्याच्या श्वासाकडे आहे. हे माझे अनुमान. रेषेलगत बसणाऱ्याला एवढे स्वातंत्र्य असावे.

आता नियमांच्या दुसऱ्या दुखण्याकडे येतो. 2022 चे आशियाई सामने चीनमध्ये हांगचौ येथे 2023 मध्ये झाले. 7 ऑक्टोबरला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. 1990 पासून 2014 पर्यंत सातही वेळा सुवर्णपदक भारताने नेले होते, आणि 2018 मध्ये इराणने आपल्याला उपान्त्य फेरीतच गारद केले होते. त्यामुळे हा सामना साधा नव्हता. जेमतेम मिनिटभर खेळ उरला असता गुण 28–28 असे समसमान होते. पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कोणाला स्पर्श होण्यापूर्वीच राखीव क्षेत्रात गेला. त्याला पकडण्यासाठी इराणचे गडी त्याच्यामागोमाग तेथे शिरले. आता, हे राखीव क्षेत्र मोठे चमत्कारिक आहे. झटापट सुरू झाली की ते मैदान असते, नसेल तर ते मैदानाबाहेर असते. जुन्या नियमाप्रमाणे चढाई करणारा तर बाद, पण त्याच्यामागे शिरलेले गडीही बाद. साखळी सामन्यांतील नव्या नियमाप्रमाणे मात्र चढाई करणारा तेवढा बाद. कोणते पुस्तक लावायचे? निर्णय दिला, फिरविला, पुन्हा फिरविला. दोन्ही संघांचे खेळाडू चटईवर बसून राहिले आणि सुमारे तासभर सामना थांबला. शेवटी जुना नियम लागू झाला आणि भारत 33–29 असा जिंकला.

भारतीय म्हणून मला आनंद झाला. रसिक म्हणून मान खाली गेली. निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. जे पुस्तक लागू होते त्याप्रमाणे तो बरोबरच ठरतो. पण हरलेल्या बाजूला आपण खेळात हरलो की वाचनात, हे कळू नये, हा पराभव जिंकणाऱ्यालाही शोभत नाही. छायाचित्रण होते, पुन्हापुन्हा पाहण्याची सोय होती. सर्वांना सर्व दिसत होते. काय दिसले याविषयी फारसा वाद नव्हताच. त्या दिवशी चित्रयंत्राचा काही उपयोग झाला नाही, कारण चित्रयंत्राला नियम वाचता येत नाही.

खेड्यांत हा प्रसंग आला नसता, असे मात्र मी म्हणणार नाही. खेड्यांत तर डोकी फुटतात. मात्र कावेरीकाठच्या तिडलांवर मी एक रीत पाहिली आहे, तीच सांगून थांबतो. पहिल्या चढाईपूर्वी दोन्ही नायक आणि पंच मध्यरेषेवर उभे राहतात, आणि त्या दिवसाचे नियम मोठ्याने, गर्दीला ऐकू जातील असे म्हटले जातात. ज्याला हरकत असेल त्याने तेव्हाच घ्यावी. त्या उच्चारित नियमांत दरवर्षी एखाद्या कलमाची भर पडते, आणि प्रत्येक कलमामागे मागच्या वर्षीची कोणाची तरी लबाडी असते.

माझ्या त्या चोरलेल्या श्वासानंतरच्या पोंगलला आम्ही पुन्हा त्या खेड्यात गेलो. वात्तियार मध्यरेषेवर उभे होते. त्यांनी नेहमीची कलमे म्हटली. मग ज्याने माझा घोटा सोडला होता तो गडी पुढे आला. त्या वर्षी तोच त्यांचा नायक होता. तो म्हणाला, यंदा चढाई चालू असताना दोन्ही बाजूंच्या माणसांनी गप्प बसावे, आणि घोष वात्तियारांना ऐकू गेला पाहिजे. गर्दीने होकार दिला. त्याने माझ्याकडे वळून हसत म्हटले, “तंबी, यंदा मोठ्याने म्हण.”

पहिली चढाई माझीच होती. सारे तिडल इतके शांत झाले की पलीकडच्या कालव्यातल्या पाण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी एकच गडी मारला आणि दम संपण्याच्या पुष्कळ आधी परत आलो.