उमरग्यातली रेंज

उमरग्यात हायवेवर गाडी थांबली की मी आधी रेंज बघतो. मग 1948 आठवतं. 13 सप्टेंबरला सोलापूरहून निघालेली मेजर जनरल चौधुरींची फौज नळदुर्ग घेऊन, रझाकारांना हटवत याच रस्त्याने इथे आली आणि दुसऱ्या दिवशी राजेश्वरकडे गेली. जुनी माणसं त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. नावात पोलीस, रस्त्यावर रणगाडे!

त्या काळच्या आपल्या रणगाड्यांत दुसऱ्या महायुद्धातला 'नंबर 19' हा वायरलेस संच असायचा. चालत्या गाडीतून बोललेलं जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर पोचायचं. सोलापूर मागे शंभरेक किलोमीटर राहिलेलं. एवढ्या लांब निरोप धाडायचा तर जास्त ताकदीचा संच, लांब एरियल आणि बोलण्याऐवजी मोर्सची कटकट. शॉर्टवेव्ह लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूर उतरतात. पण रात्री तो थर बदलतो आणि दिवसा चाललेली फ्रिक्वेन्सी दगा देते. अंधारात ती बदलायची, कानाला हेडफोन लावून खरखरीतून अक्षरं वेचायची. एक अक्षर चुकलं तर तोफा भलतीकडे.

17 तारखेला संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, तीही रेडिओवरूनच. चौधुरींचं नाव पुस्तकांत सापडतं. हेडफोनवाल्याचं मी अजून शोधतोय.