प्रणाली-एकात्मीकरण
स्वतंत्रपणे तयार झालेले सॉफ्टवेअरचे घटक जोडून त्यांच्याकडून एकसंध काम करून घेणे. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण ‘ई-फेरफार’, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदल नोंदवणारी संगणकीय प्रणाली. परभणी जिल्ह्यातील पेडगावात जमिनीची खरेदी झाली, की दुय्यम निबंधकाच्या ‘आय-सरिता’ प्रणालीतून दस्ताची माहिती ‘ई-फेरफार’मध्ये पोचते, गाव नमुना ६ मध्ये (फेरफार नोंदवहीत) नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. खरी कसोटी लागते ती सांध्यावर : गट क्रमांक वा खातेदाराचे नाव जुळले नाही, तर दोन्ही प्रणाली निर्दोष असूनही नोंद अडू शकते. २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकऱ्याने मोबाइलवर नोंदवलेला पेराही अशाच जोडणीतून गाव नमुना १२ मध्ये (पिकांच्या नोंदवहीत) येतो.