शीट फिल्मचा डेव्हलपर (बेळगाव-निपाणी परिसर)

मोठ्या कॅमेऱ्यात एकेक सुटी घालायच्या कृष्णधवल फिल्मवरची अदृश्य प्रतिमा चांदीच्या रूपात उघड करणारे रसायन म्हणजे डेव्हलपर, अर्थात विकासक. ४×५ इंची फिल्म ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे १५ पट मोठी असते. ती छापताना फार वाढवावी लागत नाही, म्हणून बारीक रव्यासाठी खास डेव्हलपर शोधणे इथे व्यर्थ आहे. ऊन-सावलीतले अंतर तो कसे पेलतो आणि आपल्या पाण्यात कसा वागतो, हे पाहावे.

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्तीत (इ. स. १२०४) काळोख्या मंडपाच्या छतावरचे दगडी कमळ आणि दाराबाहेरचे कडक ऊन एकाच निगेटिव्हवर आणायचे, तर मृदू डेव्हलपर हवा. असा डी-२३ घरीही करता येतो: लिटरभर पाण्यात ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम निर्जल सोडिअम सल्फाइट. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सल्फाइट, हा क्रम मोडू नये. कोडॅकच्या डी-७६ मध्ये (१९२७) हायड्रोक्विनोन आणि बोरॅक्सही असतात. तोही उत्तमच; मात्र थंड पाण्यात हायड्रोक्विनोन मंदावते, हे डिसेंबर-जानेवारीत ध्यानात ठेवावे.

खरी अडचण उन्हाळ्याची. तक्त्यांतल्या वेळा २० अंश सेल्सिअसच्या असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असले, तरी एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी तेवढे गार नसते. इल्फर्डच्या एचपी-५ प्लस फिल्मला निम्मे पाणी घातलेल्या आयडी-११ मध्ये (हा डी-७६ चाच भाऊ) २० अंशांना १३ मिनिटे लागतात, २४ अंशांना सुमारे ९. ट्रेमध्ये शीट अंधारात हाताने खालीवर कराव्या लागतात. ५ मिनिटांहून कमी वेळ मिळाला तर आकाशावर डाग आणि पट्टे उमटतात. म्हणून डेव्हलपर पातळ करून वेळ वाढवावी आणि ट्रे माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवावा. पातळ केलेले द्रावण एकदा वापरून टाकून द्यावे.

पायरो डेव्हलपरच्या पिवळसर छटेने ढगांतले बारकावे सुरेख टिकतात, पण पायरोगॅलॉल विषारी असून त्वचेतून शरीरात जाते. नवख्याने डी-२३ पासूनच सुरुवात करावी. मेटॉलनेही काहींच्या हातांना पुरळ उठते, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय ट्रेला हात लावू नये.