दाण्याची आठवण: चिकाडीच्या स्मृतीची जनुके आणि निवड

एखादा पक्षी हुशार आहे, एवढ्यावरून त्याची हुशारी नैसर्गिक निवडीने घडली असे म्हणता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एकाच जातीतल्या पक्ष्यांची शिकण्याची ताकद कमी-जास्त असली पाहिजे. त्या फरकावर जगणे किंवा वीण अवलंबून असली पाहिजे. आणि तो फरक जनुकांतून पुढच्या पिढीत उतरला पाहिजे. पिंजऱ्यात यातले एखादे दाखवता येते. रानात, एकाच जातीत, तिन्ही दाखवणे फार कठीण. माझ्या मते हे काम माउंटन चिकाडीवर सर्वांत नेटाने झाले आहे.

चिकाडी हा आपल्याकडच्या राखी वल्गुलीच्या कुळातला, अवघ्या दहा-बारा ग्रॅम वजनाचा पक्षी. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात तो बर्फातही मुक्काम हलवत नाही. शरद ऋतूत हजारो बिया तो सालींच्या फटींत, दगडफुलात, सुयांसारख्या पानांच्या झुबक्यांत सुट्या सुट्या दडवून ठेवतो आणि हिवाळाभर त्या शोधून खातो. एवढ्याशा देहात चरबीचा साठा तो कितीसा असणार? म्हणून जागा विसरणे त्याला परवडत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर हिवाळा लांबतो. 1900 मीटरच्या आसपास तो त्यामानाने सौम्य असतो. वरच्या चिकाड्या जास्त बिया साठवतात, आणि स्थळांची आठवण सांभाळणारा त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस खालच्यांपेक्षा मोठा असतो.

नेवाडा विद्यापीठातले व्लादिमिर प्रावोसुदोव आणि त्यांचे सहकारी याच पर्वतातल्या सेजहेनच्या जंगलात या स्मृतीची परीक्षा घेतात. तिची रचना बघण्यासारखी आहे. पक्ष्याच्या पायात रेडिओलहरींनी ओळख पटवणारी आरएफआयडी चिप असलेले कडे घालतात. एका चौकटीवर आठ दाणापेट्या टांगतात. प्रत्येक पक्ष्यासाठी त्यातली एकच पेटी उघडते. बाकीच्या सात त्याची नोंद घेतात, पण दार उघडत नाहीत. आपल्या पेटीपर्यंत पोचण्याआधी तो किती चुकीच्या पेट्यांवर बसला, हे दर फेरीला मोजले जाते. पक्षी रानातच असतो, त्याला कोणी हातात धरलेले नसते. काही जण थोड्याच फेऱ्यांत थेट आपल्या पेटीवर येतात, काही बराच काळ चुकत राहतात. पहिली अट इथेच पुरी होते.

दुसऱ्या अटीसाठी वर्षानुवर्षे तेच पक्षी ओळखत राहावे लागले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या हिवाळ्यातून तरून गेलेल्या तरुण पक्ष्यांची स्मृती न तरलेल्यांपेक्षा सरस होती. 2024 मध्ये 227 पक्ष्यांच्या नोंदींवरून दिसले, की चांगल्या स्मृतीचे पक्षी एकंदरच जास्त वर्षे जगतात.

आनुवंशिकतेचा प्रश्न नाजूक आहे, कारण कडक हिवाळ्यात सतत सराव झाल्यानेही स्मृती सुधारू शकते. हे दोन वेगळे काढण्यासाठी याच गटाने ब्लॅक-कॅप्ड चिकाडी या भाऊबंद जातीची अलास्का आणि कॅन्सस इथली पिल्ले एकाच ठिकाणी, सारख्याच परिस्थितीत, हाताने वाढवली. तरीही अलास्काची पिल्ले स्मृतीत सरस ठरली आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशीही जास्त आढळल्या. म्हणजे फरक नुसत्या सरावाचा नव्हता.

मग जनुके कोणती? 2022 मध्ये माउंटन चिकाडीच्या 42 पक्ष्यांचे जनुकसंच वाचले गेले, 2024 मध्ये 162. ‘बुद्धीचे जनुक’ शोधणाऱ्याची इथे निराशा होईल, आणि ती व्हायलाच हवी. फरक अनेक जनुकांत विखुरलेला आहे. त्यांतली सुमारे निम्मी एकमेकांशी जोडलेल्या जाळ्यांत बसतच नाहीत; म्हणजे चांगल्या स्मृतीकडे जाणाऱ्या वाटाही अनेक आहेत. संबंधित बदल प्रथिनाची कृती न लिहिणाऱ्या, पण जनुक कधी व किती चालावे हे ठरवणाऱ्या भागांतले दिसतात, आणि त्यांतले बरेचसे किंचित अपायकारक. नैसर्गिक निवड म्हटले, की नव्या गुणाची भर पडते असे आपण धरून चालतो. इथे मात्र निवडीचे काम सुपाने पाखडण्यासारखे आहे: पिढ्यानपिढ्या उपजत राहणारे लहानसहान दोष हिवाळा बाजूला काढत राहतो.

या जनुकांतली पुष्कळशी चेतासंधींच्या, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांच्या, लवचिकतेशी निगडित आहेत, आणि मला सर्वांत मोलाचा धागा इथे दिसतो. पक्षी आपली पेटी नीट शिकला, की संशोधक ती बदलून दुसरी नेमतात. जुनी जागा सोडून नवी धरण्याच्या या परीक्षेत वरच्या उंचीवरचे, एरवी सरस असलेले पक्षी खालच्यांपेक्षा मागे पडतात. जुनी आठवण पक्की धरणे आणि ती चटकन सोडून देणे, ही दोन कामे एकमेकांच्या आड येत असावीत. महिनोन्महिने दडवून ठेवलेल्या बिया शोधायच्या तर पहिले काम मोलाचे. जिथे अन्न कमी दडवले जाते आणि खाण्याच्या जागा बदलत राहतात, तिथे दुसरे. म्हणून काही जनुकरूपे एका उंचीवर फायद्याची आणि दुसऱ्या उंचीवर तोट्याची ठरत असावीत, असे गृहीतक संशोधकांनी मांडले आहे. ते खरे ठरले, तर विसराळूपणाची जनुकरूपे या जातीतून आजवर नाहीशी का झाली नाहीत, हेही त्यातून उलगडेल.