टेम्सच्या मुखाशी रुतलेला वारसा

#धागा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यालगत दुसरे एक जहाज रुतले. त्याच्या पोटात आजही साधारण तेवढीच स्फोटके पडून आहेत. मागच्या पिढीने मागे ठेवलेल्या दारूगोळ्याचे करायचे काय, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

'रिचर्ड मॉन्टगोमेरी' हे अमेरिकी 'लिबर्टी' जहाज, म्हणजे युद्धाच्या घाईत एकाच साच्यातून काढल्यासारख्या बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक. ऑगस्ट १९४४ मध्ये ६,००० टनांहून अधिक दारूगोळा घेऊन ते टेम्सच्या मुखाशी आले. पुढे फ्रान्समधील शेरबूर गाठायचे होते. शीअरनेस गावासमोर नांगर टाकण्यासाठी त्याला नेमून दिलेली जागा इतक्या भारलेल्या जहाजासाठी उथळ होती. २० ऑगस्टला वाऱ्याच्या जोराने नांगर सरकला आणि जहाज वाळूच्या दांड्यावर चढले. पाणी ओसरताच त्याच्या सांगाड्याला तडे जाऊ लागले.

माल उतरवण्याचे काम तातडीने सुरू झाले. महिनाभरात मागच्या कप्प्यांतला, जवळपास अर्धा माल निघाला. तोवर जहाज दुभंगले होते, पुढच्या कप्प्यांत पाणी शिरले होते. २५ सप्टेंबरला काम सोडून देण्यात आले. ऐन युद्धात घेतलेला तो निर्णय मला समजू शकतो. प्रश्न त्यानंतरच्या शांततेच्या दशकांचा आहे.

कारण या काळात 'हात न लावणे' हेच धोरण होऊन बसले. त्याला एक सबळ आधारही मिळाला. 'किएल्त्से' हे पोलिश जहाज १९४६ मध्ये फोकस्टोनजवळ दारूगोळ्यासह बुडाले होते. जुलै १९६७ मध्ये ते मोकळे करण्याचे काम चालू असतानाच त्याचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, पण समुद्रतळाला सुमारे सहा मीटर खोल खड्डा पडला आणि दूरदूरच्या भूकंपमापकांवर हादरा नोंदला गेला. त्यानंतर मॉन्टगोमेरीला हात लावण्याचे धाडस कोण करणार?

१९७० च्या एका अंदाजानुसार हे जहाज फुटल्यास ३०० मीटर रुंदीचा पाण्याचा आणि मलब्याचा स्तंभ सुमारे तीन किलोमीटर उंच उडेल आणि पाच मीटर उंचीची लाट उठेल. शीअरनेस अडीच किलोमीटरवर आहे. मुंबईशी तुलना मात्र जपूनच करावी: तिथे स्फोट उघड्यावर, गजबजलेल्या गोदीत झाला, इथे माल पाण्याखाली आहे. १९७३ च्या कायद्याखाली अवशेषांभोवती प्रवेशबंदी लागू झाली. मोठी जहाजे मात्र जवळच्याच खाडीमार्गाने आजही ये-जा करतात.

आता थोडे रसायनशास्त्र, कारण सारा वाद तिथेच अडतो. टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ऐंशी वर्षे बुडूनही ते टीएनटीच राहते. काही बॉम्बना मात्र आधीच फ्यूज बसवलेले होते. फ्यूजमधल्या लेड अझाइडचा ओलाव्यामुळे पितळेतील तांब्याशी संयोग झाला, तर कॉपर अझाइड हे अतिशय संवेदनशील संयुग तयार होऊ शकते. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की इतक्या वर्षांत असे घटक धुऊन गेले असतील. टीकाकारांना हा 'असतील' मान्य नाही. मलाही तो फारसा धीर देणारा वाटत नाही.

दरम्यान लोखंड गंजते आहे. जहाजाच्या डोलकाठ्या भरतीतही पाण्यावर दिसतात, आणि धोका कुठे आहे ते दुरून त्याच सांगतात. पण त्यांचाच भार झिजलेल्या सांगाड्यावर आहे; त्या कोसळल्या तर थेट स्फोटकांवर पडण्याची भीती. म्हणून त्या कापायचे २०२० मध्ये जाहीर झाले. कापण्याआधी तळाची पाहणी हवी, पाहणीत नवे प्रश्न निघतात, आणि काम वारंवार पुढे ढकलले गेले आहे.